ब्रेक दाबला की नाक खाली, गिट्टीवर हाताले दणके – पुढच्या शॉकअपमधे इम्युलेटर व्हॉल्व्ह टाकू का?

पोडावरचा_रायडर (झरी जामणी)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहतो, कारण अर्धं सांगितलं तं उत्तरही अर्धंच भेटते. माही ड्युटी पशुधन खात्यातली आहे, म्हणजे रोज झरी, पाटण, मुकुटबन अन् त्याच्या आतले कोलाम पोड (वस्त्या), असं फिरणं. मागं लसीचा आइस बॉक्स बांधलेला असते, लाळ्या-खुरकूतच्या लसीले २ ते ८ डिग्री ठेवा लागते अन् बाटल्या काचेच्या, त्यामुळं गाडी आपटली की जीव त्या बॉक्समधे अटकते.

रस्ता कसा ते सांगतो. निम्मा डांबरी, पण अवजड ट्रक चालून चालून लाटा पडलेला. गावात शिरलं की सिमेंट रोड अन् दर दोनशे मीटरवर कुणीतरी आपल्या घरापुढं घातलेला ब्रेकर. त्याच्या पुढं पांदण, म्हणजे उन्हाळ्यात बंडीचे चाकोरे वाळून दगड झालेले, पावसाळ्यात काळी माती, अन् मधेमधे उघडी पडलेली गिट्टी.

गाडी ॲडव्हेंचर टाइप आहे, पुढचं चाक २१ इंची, फोर्क म्हणजे पुढचा शॉकअप साधा टेलिस्कोपिक ४१ एमएम, ट्रॅव्हल (दबायची जागा) २०० एमएम. कंपनीचं नाव मुद्दाम नाही लिहत, नाईतर त्याच्यावरच चर्चा जाते. माहं वजन ८८ किलो.

त्रास दोन आहेत अन् दोन्ही एकमेकाच्या उलटे आहेत, तेच मले समजून नाई राहिलं. एक, ब्रेक मारला की पुढचा भाग एकदम खाली बसते, कुत्रं-बकरी आडवी आली तं गाडी नाक घासन असं वाटते. म्हणजे शॉकअप नरम आहे. दोन, गिट्टीवर किंवा चाकोऱ्याच्या काठावर जराशा स्पीडनं चाक आदळलं की हँडलले असा दणका बसते की मनगटं दुखतात. म्हणजे शॉकअप कडक आहे. आता एकच शॉकअप नरम बी अन् कडक बी कसा काय?

इथल्या एका गॅरेजवाल्यानं सांगितलं तेल जाड टाकू, अन् त्यानं टिप्परच्या हायड्रॉलिकचं ६८ नंबर तेल टाकून दिलं. ब्रेकले नाक जरासक कमी जाते आता, खरं आहे. पण गिट्टीवर पहिल्यापेक्षा जास्त आपटते, अन् लाटांच्या डांबरी रोडवर तं तीन-चार लाटांनंतर शॉकअप दबलेलाच राहते, वर येतच नाई.

यूट्यूबवर इम्युलेटर म्हणून एक व्हॉल्व्ह पाहिला, रॉडच्या डोक्यावर बसवतात. कोणी टाकला आहे का? आपल्या इकडच्या रस्त्याले फरक पडते का? का पैसे पाण्यात?

घाट_किंग_नागपूर

भाऊ कायले डोकं लावता. दुसऱ्या मोठ्या गाडीचा यूएसडी (जाड पाइप वर असलेला, उलटा) फोर्क सेकंडहँड भेटते, टी (फोर्क पकडणारा क्लॅम्प) सकट टाकून द्या. माह्या मित्रानं टाकला, गाडी मक्खन झाली.

चंद्रपूर_मेकॅनिकल

घाट_किंग दादा, राग मानू नका पण हा सल्ला मी कुणालाच देणार नाही. फोर्क बदलला की लांबी बदलते, टीचा ऑफसेट बदलतो, म्हणजे ट्रेल (गाडी सरळ धरून ठेवणारं पुढच्या चाकाचं माप) बदलतो, ब्रेक कॅलिपर-एक्सल-एबीएसचा सेन्सर सगळं जुळवावं लागतं, अन् यूएसडी दिसला म्हणून आत कार्ट्रिजच (व्हॉल्व्हवाला बंद डॅम्पर) असेल असंही नसतं, स्वस्तातल्या कितीतरी यूएसडीमध्ये आत तोच जुना डॅम्पर रॉड असतो. बाहेरून सोनेरी, आतून तेच.

पोडावरचे दादा, तुमचा प्रश्न मला फार आवडला कारण तुम्ही नेमकं तेच पकडलं जे बरेच जण पकडत नाहीत. एकच फोर्क नरम आणि कडक दोन्ही असतो, आणि डॅम्पर रॉडच्या फोर्कचा हा स्वभावच आहे. मी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये शिकवते, तिथं मुलांना फोर्क उघडूनच दाखवते, इथं शब्दांत प्रयत्न करते.

तुमच्या फोर्कच्या बॉटममध्ये (खालच्या जाड नळीत) मधोमध एक पोकळ रॉड, तोच डॅम्पर रॉड, उभा आहे, खालून एका ॲलन बोल्टनं पकडलेला. त्या रॉडला खालच्या बाजूला भोकं आहेत आणि वर डोक्याजवळ एक-दोन बारीक भोकं आहेत. चाक वर आलं, फोर्क दबला की खालचं तेल त्या खालच्या भोकांतून रॉडच्या आत शिरतं आणि वर जातं. फोर्क परत उघडताना रॉडच्या बाहेरच्या कड्यासारख्या जागेत अडकलेलं तेल वरच्या बारीक भोकांतून निघतं. म्हणजे खालची भोकं कॉम्प्रेशनची (दबण्याची), वरची रिबाउंडची (परत उघडण्याची). बस, एवढंच यंत्र आहे, यात हलणारा व्हॉल्व्ह म्हणावा असा जवळपास काही नाही.

आता भोकाचा गुण असा की त्यातून तेल हळू गेलं तर विरोध जवळजवळ शून्य, आणि जोरात गेलं तर विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. फोर्क दुप्पट वेगानं दबला की दाब चौपट, तिप्पट वेगानं दबला की नऊपट. तुम्ही रोज सिरिंज हाताळता म्हणून सांगते, बारीक सुईतून हळू औषध सोडलं तर अंगठ्याला कळतही नाही आणि घाईनं दाबलं तर दट्ट्या जागचा हलत नाही, तसंच. ब्रेक मारताना फोर्क हळू दबतो, म्हणून तिथं भोक विरोधच करत नाही आणि नाक खाली जातं. गिट्टीच्या काठावर फोर्क फार वेगानं दबायला बघतो, तेल भोकातून निघू शकत नाही, फोर्क जवळपास लॉक होतो आणि तो दणका सरळ हँडलला येतो. गाडीचा वेग इथं महत्त्वाचा नाही, फोर्कच्या दबण्याचा वेग महत्त्वाचा आहे, ३० च्या स्पीडला सुद्धा चौकोनी काठावर फोर्क प्रचंड वेगानं दबतो.

म्हणून जाड तेलानं हे सुटत नाही. जाड तेल हळू हालचालीत थोडा विरोध वाढवतं, तेवढं नाक कमी गेलं, पण वेगवान हालचालीत आधीच जास्त असलेला विरोध अजून वाढवतं. वरून तेच तेल रिबाउंडच्या भोकांतूनही जातं, त्यामुळं फोर्क उघडायला वेळ लागतो, पुढची लाट येईपर्यंत पूर्ण उघडतच नाही, मग प्रत्येक लाटेला अजून खाली, अजून खाली. लाटांवर दबूनच राहतो म्हणता ते हेच.

६८ नंबर म्हणजे ४० डिग्रीला साधारण ६८ सीएसटी (तेलाच्या जाडीचं माप), हा आयएसओचा आकडा आहे. ते फोर्क ऑइलच्या २० डब्ल्यूच्या आसपास जातं. मशीनसाठी ते चांगलंच तेल आहे, फोर्कसाठी नाही. आणि फोर्क ऑइल घेताना डब्ल्यूवर विसंबू नका, एका कंपनीचं १० डब्ल्यू ४० डिग्रीला ३३ सीएसटीच्या आसपास असतं तर दुसऱ्याचं ४७ पर्यंत जातं. डब्याच्या मागं किंवा कंपनीच्या डेटा शीटमध्ये सीएसटी लिहिलेलं असतं, तेच पाहा.

इम्युलेटर काय करतो तर खालची भोकं इतकी मोठी करायची की तिथं विरोधच राहू नये, आणि विरोधाचं काम रॉडच्या डोक्यावर बसवलेल्या व्हॉल्व्हला द्यायचं. त्या व्हॉल्व्हमध्ये एक चकती छोट्या स्प्रिंगनं दाबून धरलेली असते आणि तिला एक बारीक भोक असतं. हळू हालचालीत तेल फक्त त्या बारीक भोकातून जातं, विरोध चांगला मिळतो, नाक धरून राहतं. दणका आला की दाब स्प्रिंगवर मात करतो, चकती उचलली जाते, तेल मोकळं सुटतं, विरोध एका मर्यादेनंतर तसा वाढत नाही. फोर्क उघडताना तेल चेक व्हॉल्व्हमधून मोकळं परत येतं. अमेरिकेची रेसटेक कंपनी हे गोल्ड व्हॉल्व्ह इम्युलेटर नावानं विकते, थायलंडच्या वायएसएसचे पीडी व्हॉल्व्ह त्याच जातीचे.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, इम्युलेटर फक्त कॉम्प्रेशन सुधारतो. रिबाउंड त्याच वरच्या भोकांवर आणि तेलाच्या जाडीवर राहतो. म्हणून इम्युलेटर टाकला तरी तेल योग्य निवडावंच लागेल.

पोडावरचा_रायडर (झरी जामणी)

ताई, सिरिंजचं उदाहरण एका झटक्यात डोक्यात गेलं. रोज हातात असते अन् कधी असा विचार नाई केला. म्हणजे ते ६८ आधी काढतो. पण मंग रॉडले भोकं पाडायची म्हणजे ते परत बुजत नाईत ना? इथं ते काम करणारा भेटन का, अन् चुकलं तं गाडी बसली ना भाऊ, दुसऱ्या दिवशी कॅम्पले काय बंडीनं जाऊ.

लेथ_वणी

भोकं परत बुजत नाईत, म्हणून पहिला नियम, ओरिजिनल रॉडले हात लावायचाच नाई. दुसरी जोडी स्पेअर घ्यायची, शोरूमच्या पार्ट काउंटरवर पार्ट नंबरनं ऑर्डर टाकली की येते, अन् ती ड्रिल करायची. नाई जमलं तं जुनी परत टाकून गाडी होती तशी. माह्याकडं लेथ अन् बेंच ड्रिल दोन्ही आहे, असे रॉड मी करून दिले आहेत, म्हणून जे हातानं केलं तेच सांगतो.

खोलायच्या आधी. गाडीले बॅशप्लेटखाली (इंजिनखालच्या पत्र्याखाली) पक्का टेकू द्या, पुढचं चाक हवेत पाहिजे. चाक काढायच्या आधीच वरची टोपी जराशी सैल करा, पण त्याच्या आधी वरच्या टीचा क्लॅम्प बोल्ट सैल करा, नाईतर टोपीचे आटे जातात. मंग खालचा ॲलन बोल्ट. हा बोल्ट फिरवला की आतला रॉड बी त्याच्यासोबत फिरते, अन् लोकं तिथंच अटकतात. स्प्रिंग आत असतानाच फोर्क दाबून धरून एअर गननं झटका दिला तं बहुतेक वेळा सुटते. नाई सुटला तं स्प्रिंग काढायची, झाडूचा लाकडी दांडा टोकाले जरासा निमुळता करून वरून आत घालायचा अन् रॉडच्या डोक्यात ठोकून घट्ट धरायचा. त्या बोल्टखाली तांब्याचं वॉशर असते, ते नवीन टाकायचं, जुनं टाकलं की थेंब थेंब तेल गळत राहते अन् लोकं सीलले दोष देतात.

ड्रिलिंग. खालची जी कॉम्प्रेशनची भोकं आहेत ती ८ एमएम करायची, अन् त्याच्या वर जोडी-जोडीनं अजून पाडून एकूण ६ भोकं करायची. प्रत्येक जोडी आरपार, अन् पुढची जोडी पहिलीले काटकोनात, दोघींच्या मधात १० एमएम अंतर. एकाच रेषेत पाडली तं रॉड तिथं कमजोर होते. रॉड व्ही ब्लॉकमधे धरा, आधी पंच मारा, मंग ३ एमएम, मंग ५, मंग ८, एकदम ८ चा ड्रिल लावला की तो गोल रॉडवर घसरते. वरच्या रिबाउंडच्या बारीक भोकांले चुकूनही हात लावू नका, थे मोठी झाली तं शॉकअप घोड्यासारखं उसळन. अन् सगळ्यात खाली रॉडच्या बुडाशी जो निमुळता तुकडा बसते, शॉकअप पूर्ण बसताना तेल अडवून आपटू न देणारा, त्याच्या आड भोकं येऊ देऊ नका, तुकडा रॉडवर बसवून खूण करूनच माप घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, जे घाईत राहून जाते, ते म्हणजे बर (भोकाची धार) काढणं. भोक पाडलं की आतल्या बाजूनं पत्र्याची धारदार कड उभी राहते, बोट घालून पाहा, कापते. ती गोल फाइलनं अन् मंग लाकडी काडीवर गुंडाळलेल्या पॉलिश पेपरनं पूर्ण काढा, आतून अन् बाहेरून. मंग डिझेलनं धुवा, हवा मारा, परत धुवा, पांढऱ्या फडक्यावर झटकून पाहा, चमचमता कण एक जरी दिसला तं परत धुवा. तो कण तेलात फिरला की बुश खाते, सील कापते, अन् व्हॉल्व्हच्या चकतीखाली बसला तं व्हॉल्व्ह उघडाच राहते.

बसवताना. तेल भरा, रॉड अन् पाइप वर-खाली करून हवा काढा, मंग इम्युलेटर वरून सोडा, स्प्रिंग ज्या बाजूनं आहे ती बाजू वर. तो रॉडच्या डोक्यावर सपाट बसला पाहिजे, टॉर्च मारून पाहा, वाकडा बसला तं सगळं फुकट. तेलाची लेव्हल फोर्क पूर्ण दाबून, स्प्रिंग बाहेर ठेवून, वरच्या काठापासून मोजायची, अन् ती दोन्ही बाजूनं सारखी. मंग स्प्रिंग, मंग स्पेसर (स्प्रिंगवरचा पाइपचा तुकडा). इम्युलेटरच्या जाडीनं स्प्रिंग तेवढी वर आली, म्हणून स्पेसर तेवढाच कापायचा, नाईतर प्रीलोड (बसवतानाच स्प्रिंग जेवढी दबते ते) वाढते अन् तुम्हाले वाटते व्हॉल्व्हनं कडक केलं.

व्हॉल्व्हची स्प्रिंग बोल्टले नुसती टेकली तिथं शून्य धरा, तिथून दोन वळसे आवळा अन् लॉक नट मारा, लॉकटाइटचा एक थेंब. हे सुरुवातीचं सेटिंग. गिट्टीवर अजून दणका देत असन तं अर्धा वळसा कमी, नाक जास्त जात असन तं अर्धा वळसा जास्त. त्याच्यासाठी पूर्ण फोर्क खोला लागत नाई, गाडी टेकूवर घ्या, टोपी अन् स्प्रिंग काढा, जुन्या स्पोकचं टोक वाकवून इम्युलेटर वर ओढा. फक्त दोन्ही बाजू सारखे वळसे, अन् वहीत लिहून ठेवा.

धारणी_ते_परतवाडा

वरचं सगळं बरोबर आहे, पण एक गोष्ट कोणीच विचारली नाई अन् मी ती पहिली विचारतो. भाऊ, तुमचं वजन ८८, अंगावर जॅकेट-बूट-बॅग धरा ९५, मागं बॉक्स, कंपनीनं स्प्रिंग एवढ्या वजनाले धरून दिली आहे का? मी मेळघाटात सेमाडोह-चिखलदरा साइडले रोज फिरतो, आमच्याकडं लोकं आधी महागाचा व्हॉल्व्ह आणतात अन् मंग म्हणतात नाक तसंच जाते. जाईनच ना. ब्रेक मारल्यावर किती खाली जायचं ते शेवटी स्प्रिंग ठरवते, किती झपकन जायचं ते व्हॉल्व्ह ठरवते. घाटात लांब ब्रेक धरून उतरताना तं व्हॉल्व्हचा संबंधच राहत नाई, फोर्क स्प्रिंगवर जाऊन बसतोच.

तुम्ही आधी सॅग, म्हणजे वजनानं शॉकअप किती बसते ते, मोजा. पाइपवर केबल टाय बांधा, रबरी बूट वर सरकवून. दोन माणसांले घेऊन पुढचं चाक उचला, फोर्क पूर्ण उघडला की टाय खाली सीलले टेकवा. मंग पूर्ण सामानासकट हळू बसा, पाय फूटरेस्टवर, कोणीतरी हँडल धरलं पाहिजे, ब्रेकले हात नाई. उतरा हळूच, परत चाक उचलून फोर्क पूर्ण उघडा, अन् टाय सीलपासून किती वर गेला ते पट्टीनं मोजा. २०० एमएम ट्रॅव्हलले साधारण ३० टक्के म्हणजे ६० एमएमच्या आसपास पायजे. तो आकडा इथं टाका मंगच पुढं बोलू.

रबरी बूट वर घेतलाच आहे तं पाइपवर पाहा, काळी माती बुटाच्या आत शिरून वाळते अन् सीलच्या ओठात बसते. गळती लागली की लोकं लगेच सील बदलतात, पण बहुतेक वेळा फक्त मातीचा कण असते. जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी कापा, कोपऱ्यात आकड्यासारखी खाच करा, धूळ-सील खाली करून ती पट्टी पाइप अन् सीलच्या मधात हळू घालून गोल फिरवा, काळी घाण बाहेर येते. आमच्याकडं पावसाळ्यात हे चालूच राहते.

पोडावरचा_रायडर (झरी जामणी)

मोजलं भाऊ. आमच्या परिचराले अन् शेजारच्या पोट्ट्याले घेऊन चाक उचललं. पूर्ण सामानासकट टाय ७८ एमएमवर गेला. परत केलं, ७७-७८ च येते. स्प्रिंग काढून पाहिली नाई अजून पण सर्व्हिस मॅन्युअलच्या हिशोबानं स्पेसर-टोपीनं मिळून प्रीलोड २० एमएमच्या आसपास येते.

इथला एकजण म्हणते स्प्रिंगचे वेढे कापून खाली पाइपचा तुकडा टाकू, कडक होते. करू का?

चंद्रपूर_मेकॅनिकल

धारणीच्या दादांनी फार योग्य प्रश्न विचारला. ७८ म्हणजे ३९ टक्के, तुमचा फोर्क ब्रेक लागायच्या आधीच खाली बसलेला आहे.

हिशोब सोपा आहे. ७८ सॅग अधिक २० प्रीलोड म्हणजे स्प्रिंग ९८ एमएम दबून तुमचं वजन पेलते. आपल्याला ६० सॅग हवा, प्रीलोड तोच २० ठेवला तर ८० एमएममध्ये तेच वजन पेललं पाहिजे. ९८ भागिले ८०, म्हणजे साधारण १.२२. स्प्रिंग वीस-बावीस टक्के कडक पाहिजे. स्प्रिंग प्रोग्रेसिव्ह (दबत जाईल तशी कडक होणारी) असेल तर थोडं इकडंतिकडं होईल पण दिशा हीच. आणि नुसता प्रीलोड वाढवून ६० आणाल तर स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर उचलली जाते, ब्रेकला पुढं तेवढीच मऊ.

वेढे कापले की स्प्रिंग खरंच कडक होते, ते लोक खोटं सांगत नाहीत. पण तुमच्या बाबतीत करू नका, का ते आकड्यांनी पाहा. उदाहरण म्हणून धरा स्प्रिंग ४८० एमएम लांब, ४५ वेढे, तार ४.८ एमएम. सगळे वेढे एकमेकांना टेकले की उंची २१६, म्हणजे दबायला जागा २६४ एमएम. फोर्कला लागते २०० ट्रॅव्हल अधिक २० प्रीलोड, २२०. ठीक. आता बावीस टक्के कडक करायला ८ वेढे कापले, उरले ३७. लांबी राहिली ३९५ च्या आसपास, टेकल्यावर उंची १७८, दबायला जागा २१७. लागते २२०. म्हणजे मोठ्या खड्ड्यात फोर्क पूर्ण बसायच्या आधी स्प्रिंगचे वेढे टेकणार, लोखंडावर लोखंड. लांब ट्रॅव्हलच्या गाडीत वेढे कापायला जागा नसते. नवीन स्प्रिंग घ्या. तारेच्या जाडीचा चौथा घात लागतो, ४.५ ची ४.७ केली तरी एकोणीस टक्के कडक, म्हणून डोळ्यांना दोन्ही स्प्रिंगा सारख्याच दिसतील, व्हर्नियर लावा किंवा विकणाऱ्याकडून न्यूटन पर एमएमचा आकडा घ्या.

क्रम माझ्या मते असा. ६८ नंबर काढून टाका, स्प्रिंग बदला, मॅन्युअलमधल्या लेव्हलला मॅन्युअलमधलं तेल टाका आणि त्याच पांदणीवरून, त्याच ब्रेकरवरून चालवा. शेवटच्या टप्प्यात आपटत असेल तर तेलाची लेव्हल १० एमएमनं वर घ्या, वरची हवा कमी झाली की शेवटी फोर्क आपोआप कडक होत जातो. नाक बरंच सुटेल. गिट्टीचा दणका ६८ च्या तुलनेत कमी होईल पण जाणार नाही, तो भोकाचाच आहे, तिथं मात्र इम्युलेटरशिवाय इलाज नाही. तेव्हा टाका, मनापासून सांगते, रोज एवढं फिरणाऱ्या माणसाच्या मनगटांसाठी तो खर्च वाया जात नाही. बाहेरच्या देशातून मागवलात तर कस्टम ड्यूटी धरून हिशोब करा, आणि गाडी वॉरंटीत असेल तर आधी विचारून घ्या.

इम्युलेटरसोबत तेल कदाचित थोडं जाड लागेल कारण स्प्रिंग कडक झाली की ती जोरात उघडते आणि रिबाउंडला जास्त धरावं लागतं. रेसटेकवाले सुद्धा रस्त्याच्या गाड्यांना सहसा १५ डब्ल्यूच्या आसपासचं सांगतात. आता जाड तेलाची भीती नाही कारण कॉम्प्रेशनची भोकं मोठी झालेली असतील. आपल्याकडं मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो तेव्हा तेच तेल पातळ वागतं, म्हणून रिबाउंड सेट करायचा तर थंडीच्या सकाळी करू नका, दुपारी करा.

लेथ_वणी

ताईनं वेढ्यांचा हिशोब मांडला तो मी दुकानात भिंतीवर लिहून लावतो आता, कारण महिन्यातून कोणीतरी स्प्रिंग कापायले घेऊन येतेच.

एकच जोडतो. सगळं बसवून झालं की एक्सलचा पिंच बोल्ट शेवटी आवळा. आधी एक्सल टाइट, मंग पुढचा ब्रेक धरून फोर्क दाबून-दाबून घ्या, दोन्ही पाय आपापल्या जागी बसतात, मंग पिंच बोल्ट. हे नाई केलं तं पाइप एकमेकांले तिरपे राहतात, शॉकअप अटकत चालते अन् बारीक खड्डे हाताले लागतात, अन् माणूस व्हॉल्व्हचे वळसे फिरवत बसते. कोनसेटचा (हँडलच्या बेअरिंगचा) प्ले बी तेव्हाच पाहून घ्या, ब्रेकले कट-कट आवाज येत असन तं तो शॉकअपचा नाई, कोनसेटचा असते.

पोडावरचा_रायडर (झरी जामणी)

ठरलं. स्प्रिंगची चौकशी आजच करतो, अन् रॉडच्या स्पेअर जोडीची ऑर्डर बी टाकून ठेवतो म्हणजे येईपर्यंत नुसत्या स्प्रिंगवर गाडी पाहता येईन. लेथ_वणी भाऊ, रॉड आले की वणीले तुमच्याकडंच घेऊन येतो. ताई, धारणीवाले भाऊ, लय उपकार झाले, इतकं नीट इथं कोणी समजावून नव्हतं सांगितलं.

आर्णी_१२५

मधात विचारतो माफ करजा. माह्याकडं १२५ ची साधी गाडी आहे, दुधाच्या कॅना वाहतो, पुढचे पाइप बारीक आहेत, ३० एमएम. मले बी इम्युलेटर बसन का? नाक माह्याही गाडीचं जाते.

लेथ_वणी

बारीक पाइपचे इम्युलेटर येतात पण प्रत्येकाले बसतीलच असं नाई, पाइपचा आतला व्यास अन् रॉडच्या डोक्याचा आकार दोन्ही जुळले पाहिजे, कधी मधात ॲडॅप्टर बनवा लागते. पण तुले मी आत्ता ते नाई सांगत. कॅना मागं असतात, म्हणजे मागचं बसते अन् पुढचं हलकं होते, तुहं नाक जायचं कारण बहुतेक जुनं तेल अन् थकलेली स्प्रिंग. तेल शेवटचं कधी बदललं? १२५ वाल्यांत बरेच जण गाडी घेतल्यापासून बदलतच नाईत, खोललं की राखाडी पाणी निघते. आधी तेल काढ, मोजून भर, स्प्रिंगची लांबी मॅन्युअलच्या लिमिटशी ताडून पाय, बुश ढिले आहेत का ते पाय. खोललंच आहे तं व्हर्नियरनं पाइपचा आतला व्यास अन् रॉडच्या डोक्याचा व्यास घेऊन इथं टाक, मंग बसते का नाई ते सांगतो.